मुका संगणक आणि हिवरे बाजारची चित्रफीत

हिवरे बाजार पाहायला शिक्षकांचे गट नेहमीच जातात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही बारा-पंधरा विज्ञान शिक्षकांबरोबर गेलो होतो. डोंगरउतारावरचे सलग समतल चर, गुडघाभर गवत, पर्जन्यमापक, विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजण्याची रीत आणि पावसाळा संपला की ग्रामसभेपुढे मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद, हे सारे नीट समजून घेतले. बरोबरच्या एका शिक्षिकेने मोबाइलवर सुरेख चित्रण केले. संध्याकाळी परतीच्या वाटेवर एका माध्यमिक शाळेत मुक्काम होता. तिथल्या मुलांना हे चित्रण दाखवावे, असे ठरले. शाळेत संगणक होता, प्रोजेक्टर होता, वीजही होती. संगणकावर कोणा देणगीदाराने लिनक्स घालून दिलेले होते. फाइल उघडली. वाऱ्याचा आवाज आला, बाईंचे निवेदन ऐकू आले आणि पडदा काळाच राहिला.

"सर, फुकटातलं असंच असतं. पुढच्या वर्षी खरी विंडोज टाकून घेऊ," असे तिथले एक शिक्षक म्हणाले. (आपल्याकडे ही 'खरी' विंडोज पुष्कळदा ओळखीच्या दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधून येते, हा भाग वेगळा.) आमच्यातला एक तरुण मुक्त सॉफ्टवेअरचा कट्टर पुरस्कर्ता. तो उसळून म्हणाला, "दोष संगणकाचा नाही, मोबाइलचा आहे. असल्या बंदिस्त प्रकारात चित्रण करायलाच नको होतं." पाच मिनिटांत दोन निकाल लागले. आम्हाला ते दोन्ही चुकीचे वाटतात.

हा प्रश्न हौशी मंडळींपुरता असता तर या पानांवर आणला नसता. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. दहा-बारा वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून घेतलेल्या संगणकांपैकी बहुतेक या अटीत बसत नाहीत. ते बिघडलेले नाहीत. त्यांना बाद ठरवले गेले आहे. अशा यंत्रांना आणखी पाच-सात वर्षे कामाला लावण्याचा सरळ मार्ग लिनक्सचाच आहे. पण पहिल्याच दिवशी पडदा काळा राहिला, तर शाळा तो मार्ग सोडून देईल आणि तिला दोष देता येणार नाही. म्हणून पडदा काळा का राहतो, हे शिक्षकांनी समजून घेतले पाहिजे.

संगणक मुका किंवा आंधळा होण्याची कारणे दोन आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. पहिले कारण ड्रायव्हरचे. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. मुख्य प्रणाली म्हणते, "हा ध्वनी बाहेर सोड." ध्वनीच्या चिपला मराठी कळत नाही तसे हेही कळत नाही. अमुक क्रमांकाच्या कप्प्यात अमुक संख्या लिहिली की ती अमुक काम करते, एवढेच तिला ठाऊक असते. कोणत्या कप्प्यात काय लिहायचे, याचा तक्ता चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असतो. तो तक्ता जाहीर केला, तर कोणीही दुभाष्या लिहू शकतो. तो दडवला, तर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो हे पाहत बसायचे आणि त्यावरून भाषा ताडायची. शब्दकोश नसताना परक्या मुलखात बाजार करावा, तसे हे काम आहे. लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी ध्वनी, चित्र आणि वायरलेस जोडणीच्या कितीतरी चिपांसाठी हे काम वर्षानुवर्षे केले आहे.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जन्मली तीही अशाच एका अडवणुकीतून. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईसाठी थांबलेल्यांना संदेश जाई. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली मात्र मिळेना. ज्या दुसऱ्या संशोधकाकडे ती होती, त्याने गुप्ततेचा करार केलेला होता. पुढे १९८३ साली स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि या दोहोंतून आजची प्रणाली उभी राहिली. आज त्या गाभ्यातच हजारो उपकरणांचे ड्रायव्हर समाविष्ट असतात. सीडी शोधावी लागत नाही. कंपनीने ज्यांच्याकडे पाठ फिरवली, असे जुने स्कॅनर आणि प्रिंटर लिनक्सवर चालताना आम्ही पाहिले आहेत. तेव्हा "लिनक्सला ड्रायव्हर मिळत नाहीत" हे विधान वीस वर्षांपूर्वी बरेचसे खरे होते. आज ते निवडक उपकरणांपुरतेच खरे आहे. त्या निवडकांत दुर्दैवाने काही वायरलेस चिपा, काही ग्राफिक्स कार्डे आणि आपल्या कार्यालयांत पावलोपावली दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर येतो.

दुसरे कारण कोडेकचे. आमच्या चित्रणाचे दुखणे हे होते आणि इथे थोडे गणित करावे लागेल. मोबाइलच्या नेहमीच्या चित्रणात एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट झाले. या हिशेबाने १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये पावणेदोन मिनिटेदेखील मावणार नाहीत. प्रत्यक्षात तासाभराचे चित्रण सहज मावते, कारण ते दाबून साठवलेले असते. कॅमेरा स्थिर धरून हिवरे बाजारचा डोंगर टिपला, तर एका चौकटीतून पुढच्या चौकटीत डोंगर तोच राहतो; हलते ते गवत आणि एखादी गाय. मग डोंगर पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? आधीच्या चौकटीतला अमुक तुकडा इतके ठिपके डावीकडे सरकला, एवढे लिहिले तरी पुरते. डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळले की फाइल आणखी लहान होते. ही दाबण्याची आणि उलगडण्याची रीत म्हणजे कोडेक.

वर्गात हमखास होणारा एक घोटाळा असा. फाइलच्या नावापुढे 'एमपी-४' असे दिसले की ती सगळीकडे चालेल, असे आपण मानतो. एमपी-४ हा नुसता डबा आहे. डब्यात पोळी आहे की भाकरी, हे झाकणावरून कळत नाही. त्यात २००३ साली आलेल्या एच.२६४ रीतीने दाबलेले चित्र असू शकते किंवा २०१३ साली आलेल्या एच.२६५ रीतीने दाबलेले. दुसरी रीत तेवढ्याच दर्जाचे चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवते, म्हणून अलीकडच्या मोबाइलमध्ये तिचा वापर होतो. आमच्या डब्यात ध्वनी ओळखीच्या रीतीचा होता आणि चित्र एच.२६५ चे. संगणकाने डबा उघडला, ओळखीचे तेवढे वाढले आणि उरलेले तसेच ठेवले.

एच.२६५ उलगडणारी आज्ञावली लिनक्समध्ये नाही काय? आहे आणि ती उत्तम आहे. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पात जगातले जवळजवळ सगळे कोडेक आहेत. तरीही लिनक्सच्या अनेक वितरणांत ती मुळातून घातलेली नसते. ही उणीव तंत्राची नाही, पेटंटची आहे. चिपचा तक्ता गुप्त असतो. कोडेकचे तसे नाही: एच.२६५ चे संपूर्ण वर्णन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने प्रसिद्ध केलेले आहे आणि कोणीही ते वाचू शकतो. मात्र वाचून तसे यंत्र किंवा आज्ञावली बनवली, तर ज्या देशांत त्या कल्पनांवर पेटंट आहे तिथे स्वामित्वशुल्क द्यावे लागते. एका कुलपाची किल्ली लपवलेली आहे. दुसऱ्याचे दार सताड उघडे असून उंबऱ्यावर टोलनाका आहे. पहिले कुलूप चिकाटीने उघडते. दुसरे फक्त काळाने उघडते, कारण पेटंटची मुदत वीस वर्षांची असते.

गाण्यांच्या एमपी-३ चे उदाहरण घ्या. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडे त्याची महत्त्वाची पेटंटे होती. २००२ साली आलेल्या रेड हॅट लिनक्स ८.० मधून एमपी-३ वाजवण्याची सोय काढून टाकण्यात आली आणि जगभरच्या वापरणाऱ्यांचे संगणक एका रात्रीत मुके झाले. पुढची पंधरा वर्षे नवशिक्याचा पहिला प्रश्न "गाणे का वाजत नाही" हाच असे. २३ एप्रिल २०१७ रोजी फ्राउनहोफरने आपला परवाना कार्यक्रम बंद केला. त्यानंतर एमपी-३ विनासायास वाजू लागले. लिनक्स त्या दिवशी अचानक हुशार झाले नव्हते! चित्राच्या बाबतीत आपण अजून त्या पंधरा वर्षांतच आहोत. २०२२ साली फेडोरा या वितरणाने एच.२६४ आणि एच.२६५ ग्राफिक्स चिपकडून उलगडून घेण्याची सोय याच भीतीपोटी बंद केली.

ही भीती आपल्या शाळेने बाळगावी काय? भारताच्या पेटंट कायद्यातील कलम ३ (के) प्रमाणे केवळ संगणक आज्ञावली असेल, तर ती 'शोध' मानली जात नाही. २००४ च्या अखेरीस एका वटहुकमाने या कलमाला वाट काढून देण्याचा प्रयत्न झाला. २००५ साली संसदेने ती सुधारणा गाळली. 'केवळ' या शब्दाच्या अर्थावरून वकील आजही भांडतात, ते भांडोत. पण नगर तालुक्यातल्या शाळेचा पडदा काळा राहावा हे अमेरिकेतल्या कायद्याला घाबरून ठरते, ही गोष्ट विचित्र खरी.

आता टीका. आम्ही स्वतः मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचे आहोत, म्हणून ती घरच्यांवर अधिक आहे. तत्त्वाच्या शुद्धतेचा भार आमच्या मंडळींनी नेहमी शेवटच्या माणसावर टाकला. रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेचे उदाहरण बोलके आहे. २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे छोटे संगणक भारतात प्रथम या शाळेत आले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. यांचा त्यात पुढाकार होता. आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या प्रकल्पाला नकार दिला होता, हे लक्षात घेतले तर त्या धडपडीचे मोल कळते. संगणकावर लिनक्स होते, मुलांसाठी रचलेले 'शुगर' हे आवरण होते आणि ध्वनी-चित्रासाठी फक्त ऑग व्हॉर्बिस, थिओरा यांसारखे मुक्त कोडेक होते. एमपी-३ सोबत दिलेले नव्हते. मात्र त्याच संगणकाच्या वायरलेस चिपच्या आत चालणारी आज्ञावली बंदिस्त होती. ती चिप वीज कमी खाई आणि एका संगणकाला दुसऱ्याशी थेट जोडत असे, म्हणून तिच्यासाठी तडजोड मान्य झाली. दोन्ही निर्णयांमागची कारणे वेगळी आहेत आणि एमपी-३ च्या बाबतीत परवान्याची अडचण खरीच होती, हे आम्ही नाकारत नाही. पण फलित काय? बनवणाऱ्याची अडचण होती तिथे तत्त्वाला मुरड घातली गेली आणि मूल अडणार होते तिथे घातली गेली नाही. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या प्रकारातले गाणे किंवा गोष्ट त्या संगणकावर आहे तशी वाजणार नव्हती.

डेबियन या जुन्या आणि कडव्या वितरणाने अशीच गाठ निराळ्या रीतीने सोडवली. चिपांच्या बंदिस्त आज्ञावल्या अधिकृत स्थापना-चकतीत घ्याव्यात की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला. त्या नसल्या की वायरलेस चालत नाही, वायरलेस नाही म्हणून इंटरनेट नाही आणि इंटरनेट नाही म्हणून त्या उतरवता येत नाहीत. २०२२ साली सभासदांनी रीतसर मतदान करून त्या घेण्याचे ठरवले आणि जून २०२३ मधल्या आवृत्तीपासून त्या येऊ लागल्या. तत्त्वे कोणी सोडली नाहीत. काय मुक्त आहे आणि काय नाही, हे सांगूनच त्या दिल्या जातात. आम्हाला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. उबुंटूत स्थापनेच्या वेळी एक चौकोन येतो: वायरलेस, ग्राफिक्स आणि इतर माध्यम-प्रकारांसाठी जादा सॉफ्टवेअर घालायचे काय? तो चौकोन मुळात रिकामा असतो. घाईत 'पुढे' दाबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने त्यावर खूण केली नाही, की शाळा आंधळी झालीच. त्या मुक्कामाच्या शाळेत बहुधा हेच झाले असावे.

शेजारच्या एका राज्याच्या पलीकडे पाहू. केरळच्या शालेय शिक्षणातला 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प २००१ साली सुरू झाला आणि पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. २०१७ पासून त्याचे रूपांतर 'काइट' या संस्थेत झाले. त्यांनी शिक्षकाच्या हाती नुसता उबुंटू दिला नाही. पाठ्यपुस्तकाला लागणारी साधने, मल्याळमची सोय आणि इतर जुळणी करून स्वतःचे वितरण बांधले आणि शिक्षकांना ते शिकवले. कोडेक शोधण्याचे काम एका गटाने एकदा केले; ते हजारो शिक्षकांनी हजारदा केले नाही. महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने अशाच समजुतीने काम केलेले आहे. पडद्यावरची कृती तीच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिलेले छोटे पाठ, इंटरनेट नसतानाही चालवता येतील असे. पण शाळेत येणाऱ्या यंत्राची जुळणी आपल्याकडे देणगीदार, दुकानदार किंवा एखादा उत्साही माजी विद्यार्थी यांच्या मर्जीवर राहते. प्रत्येक जण वेगळे वितरण घालतो आणि निघून जातो.

हिवरे बाजारला त्या सकाळी आम्ही जे पाहिले, त्याची इथे आठवण होते. पोपटराव पवार १९८९ पासून त्या गावाच्या कारभारात आहेत आणि १९९४ पासून गाव आदर्श गाव योजनेत आले, हे वाचकांना ठाऊक असेल. शेतीसाठी बोअरवेलचे पाणी घ्यायचे नाही, असा तिथे नियम आहे. त्या ताळेबंदातले गणित सातवीच्या मुलाला जमेल असे आहे: पाऊस इतका, क्षेत्र इतके, पिण्याला इतके, गुरांना इतके, उरले त्यात कोणते पीक बसते. जमिनीखालचे पाणी दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब दिसेल असा मांडला आणि सगळ्यांनी मिळून मांडला. शाळेच्या संगणकाच्या पोटात काय आहे, तेही दिसत नाही. त्याचा साधा कागदही शाळेत नसतो. वायरलेस चिप कोणाची, ग्राफिक्स कोणते, कोणते कोडेक घातले, कोणी आणि कधी घातले? अर्ध्या पानाचे काम आहे. देणगीची पावती लिहिताना तेवढे लिहून घ्यायला कोणाची हरकत असेल?

त्या रात्री आम्ही काय केले ते सांगतो, कारण ते कुठेही करता येईल. शाळेत वायरलेस नव्हते. मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडला आणि मोबाइलमधली 'यूएसबी टेदरिंग' ही सोय सुरू केली. लिनक्सला अशी जोडणी तारेच्या जोडणीसारखीच दिसते, त्यासाठी निराळा ड्रायव्हर लागत नाही. वर सांगितलेल्या कोंबडी-अंड्याच्या फेऱ्यातून सुटण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे. मग व्हीएलसी उतरवून घेतले. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा कार्यक्रम २००१ पासून मुक्त आहे आणि तो कोडेकचा संसार आपल्याबरोबर घेऊन येतो. चित्र दिसले! पण अडखळत दिसले. गाय एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत होती. एच.२६५ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपमध्येच करणारी यंत्रे साधारण २०१५ नंतरची. हा संगणक त्याआधीचा. सगळे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडले आणि तो दमला. हा दोष ना लिनक्सचा, ना पेटंटचा. शेवटी एफएफएमपेग वापरून फाइल एच.२६४ मध्ये आणि कमी ठिपक्यांत बदलायला लावली आणि झोपायला गेलो.

सकाळी बाईंनी मोबाइलच्या कॅमेऱ्याची मांडणी उघडून 'जास्त दाब' ऐवजी 'जास्त ठिकाणी चालेल' या अर्थाचा पर्याय निवडला. पुढचे चित्रण थेट एच.२६४ मध्ये होईल. जागा दुप्पट जाईल एवढेच. आमच्या तरुण मित्राचे म्हणणे असे, की हेही पेटंटचेच आहे, २०१८ साली आलेले एव्ही-१ वापरा, ते शुल्कमुक्त म्हणूनच बनवलेले आहे. तत्त्वतः तो बरोबर आहे. फक्त ते उलगडायला त्या शाळेच्या संगणकाला एच.२६५ इतकेच किंवा त्याहून अधिक कष्ट पडतील. नव्या यंत्रांसाठी त्याचा सल्ला जपून ठेवावा.

पावणेनऊला नववीचा वर्ग भरला. डोंगर दिसला, गवत हलले, गाय चालली. पण आता आवाज येईना. तो एचडीएमआय केबलमधून प्रोजेक्टरकडे जात होता आणि प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता. ध्वनीच्या मांडणीत जाऊन संगणकाचा स्वतःचा स्पीकर निवडला, तो फार बारीक वाजला. मग शिपाईमामांनी गणपतीच्या आरतीसाठी आणलेला स्पीकर काढून दिला.

"सर, विहिरीत दोरी सोडून मोजतात ते पाणी वरून मोजायचं की तळापासून?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले. बाईंनी चित्रफीत तिथेच थांबवली आणि खडू हातात घेतला.